चित्राची कड

…आणि तिथे बोट गेलं की अजूनही खरखरीत लागतं. कॅसेटच्या पाठीवर, डाव्या टोकाला, नखाएवढी प्लॅस्टिकची झडप असते — असायची. ही बाबांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मोडून काढली होती, एका रविवारी, सगळ्यांच्या देखत. झडप मोडली की त्या टेपवर पुन्हा दुसरं काही चढवता येत नाही. "आता हे पक्कं झालं," बाबा म्हणाले होते. मोडलेला तुकडा उडून कपाटाखाली गेला. तो कुणी शोधला नाही.

"अगं, देतेस की उबवतेस?"

नवरा टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर बसून हात पुढे करून राहिला होता. तिने कॅसेट दिली. मुलाने पाठवलेला हा नवा टीव्ही भिंतीवर इतका पसरला होता, की तो बंद असला तरी खोलीत कुणी पाहुणा येऊन गप्प बसून राहिल्यासारखं तिला वाटे. आणि त्याच्यासमोर ते कॅसेट चालवायचं जुनं, कुबड आलेलं यंत्र. मेकॅनिकने काल आणून दिलं तेव्हा सांगितलं होतं, "पट्टे बदललेत बाई, वय काही बदलता आलं नाही."

हे सगळं आईसाठी चाललं होतं. आईच्या एका डोळ्याला ऑपरेशननंतर बरं दिसतं, दुसऱ्याने नुसता उजेड कळतो. पण गेले काही दिवस तिने एकच धोशा लावला होता — ह्यांचा आवाज ऐकायचाय. बाबांचा आवाज जगात आता या एकाच ठिकाणी उरला होता, या टेपमध्ये. निवृत्तीच्या दिवशी वीज उपकेंद्राच्या सभागृहात त्यांनी केलेलं भाषण.

"मला दिसलं नाही तरी चालेल," खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली, "आवाज तेवढा मोठा ठेवा, जावईबापू."

यंत्राने घसा खाकरला. पडदा निळा झाला, मग करडा, मग त्यातून माणसं वर आली — आणि सगळी आडवी वाढलेली. बाबांचा चेहरा ताटासारखा गोल.

"सासरेबुवा एवढे गुटगुटीत कधी झाले?"

"ते कसले गुटगुटीत!" आई तिकडे न बघताच म्हणाली. "काठीला कोट घातल्यासारखे होते."

नवऱ्याने रिमोटची बटणं दाबत दाबत चित्र दोन्ही बाजूंनी आत ढकललं. बाबा पुन्हा बारीक झाले, उंच झाले, बाबा झाले. दोन्हीकडे काळ्या पट्ट्या राहिल्या. आणि तळाशी, अगदी काठावर, एक फाटकी थरथरती रेघ — कापडाचं विणकाम संपताना दोरे सुटलेले राहतात तशी.

"ही काय घाण?"

"घाण नाही गं, ती कड. पूर्वीही होतीच. मेकॅनिक सांगत होता, जुने टीव्ही चारी बाजूंनी चित्राची थोडी थोडी कड खायचे, चौकटीमागे दडवायचे. हा काही खात नाही. जेवढं टिपलंय तेवढं सगळं दाखवतो."

"पण साफ तर काहीच दिसत नाही. उलट त्या जुन्यावर बरं दिसायचं."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!" तो गुडघे चोळत उठला. "टीव्ही कितीही नवा असू दे, टेप ती टेपच. बसा दोघी बघत. ही वायर सैल आहे, मी दुसरी घेऊन येतो."

तो गेला. दार लागल्याचा आवाज झाला आणि टेपमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तिला ही टेप पाठ होती. आधी साहेबांचं लांबलचक कौतुक, मग पुष्पगुच्छ, मग भिंतीवरचं घड्याळ भेट — ते घड्याळ अजून स्वयंपाकघरात आहे, दहा मिनिटं पुढे धावतं — मग बाबा उठतात, माईकला टिचकी मारतात, आणि त्या टिचकीबरोबर कॅमेरावाल्याला काय वाटतं कोण जाणे, तो कॅमेरा सगळ्या सभागृहावरून फिरवत फिरवत डावीकडे नेतो, पार दारापर्यंत, दाराच्या चौकटीपाशी क्षणभर थांबतो आणि परत येतो. तोच क्षण. घरात त्या क्षणाला नाव नव्हतं, पण सगळ्यांना तो माहीत होता. दाराशी कुणी नाही. दाराची एक बंद झडप, सूचनाफलक, त्यावर कसलासा कागद. दादा नाही.

दादा येणार होता. आदल्या वर्षी बाबांनी शब्द टाकून लावलेली उपकेंद्रातली नोकरी त्याने सोडली होती आणि एका फिरत्या नाटक कंपनीत प्रकाशयोजनेचं काम धरलं होतं. "तेही विजेचंच काम आहे की, बाबा," असं तो म्हणाला, आणि बाबांनी ताटावरून उठून हात धुतले होते. तरी त्या दिवशी भाषण करताना बाबांचे डोळे दाराकडे जात होते. टेपमध्येही दिसतं ते. आणि पुढच्या रविवारी दादा घरी आला, म्हणाला, मी आलो होतो. दाराशी उभा होतो. भाषण संपलं आणि निघालो.

"टेप आहे," बाबा म्हणाले. "बघू."

बघितली. एकदा नाही, दोनदा. लाकडी खोक्यातला तो टीव्ही, त्याच्यासमोर पाच माणसं, आणि कॅमेरा डावीकडे जाऊ लागला की खोलीतला श्वास अडकल्यासारखा व्हायचा. दार. बंद झडप. सूचनाफलक. "कुठे आहेस?" बाबांनी विचारलं. आवाज चढवून नाही, एखाद्या खात्यातल्या माणसाने विचारावं तसं. दादा जरा जास्तच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग किंचित हसून म्हणाला, "उजेडात आला नाही म्हणजे माणूस नव्हताच, असं नसतं बाबा." आणि तो उठला, आणि बाबांनी स्क्रूड्रायव्हर मागितला.

त्यानंतर तो आला तो बाबा गेले तेव्हाच. तेव्हाही दाराशीच उभा होता.

आता त्याचा दर रविवारी संध्याकाळी सहाचा फोन, एवढा एक नेम उरला आहे. ती उचलते. "आई आहे का?" "देते." संपलं. भांडण म्हणावं तर तेही नाही. तिचं त्याच्याशी काही वाकडं झालंच नव्हतं कधी, पण बाबांचं दुखणं तिने काढलं होतं, औषधं तिने दिली होती, आणि शेवटी शेवटी ग्लानीत ते विचारायचे, "तो आला का?" — तेव्हा ते नेमकं कुठल्या दिवसाबद्दल विचारतायत हे न कळून तिने मान हलवली होती, नाही म्हणून. जो सभागृहात आला नाही, तो खोटं बोलला. जो खोटं बोलला, त्याच्याशी एका शब्दापुरतंच बोलावं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ते बसलं होतं, नीट, मापात, अंगावर कपडा बसतो तसं.

बाबा उठले. माईकला टिचकी.

कॅमेरा निघाला. ओळखीचे चेहरे घसरत गेले — भांडारपाल, टाइपिस्ट बाई, त्यांचा पेंगणारा मुलगा — आणि दार आलं. बंद झडप. सूचनाफलक. आणि सूचनाफलकाच्याही पलीकडे, चित्राच्या अगदी डाव्या कडेला, काळ्या पट्टीला खेटून —

तिने रिमोट दाबला तेव्हा कॅमेरा परत निघालाही होता. मागे घेतलं. फार मागे गेलं. पुन्हा पुढे. थांबवलं.

एक कोपर होतं.

कोपर, आणि त्याच्याखाली ते पेलून धरणारा दुसऱ्या हाताचा तळवा. बाकी माणूस नाही. खांदा नाही, तोंड नाही. दुमडलेला हात आणि चार बोटं, थरथरत, कारण थांबवलेलं चित्र या यंत्रावर स्थिर राहत नाही, थंडी वाजल्यासारखं हलत राहतं.

दादा लहानपणी कुंपणाच्या भिंतीवरून पडला होता. डावं कोपर मोडलं, हाड जरा वाकडं बसलं, आणि तेव्हापासून तो उभा राहिला की उजव्या तळव्यात डावं कोपर धरून उभा राहायचा, दुखत नसलं तरी. आयुष्यभर ती कपडे शिवत आली होती. किती खांदे, किती मनगटं तिच्या हातांखालून गेली, पण पहिली बाही बेतली ती त्याच्या शर्टाची. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर आखूड ठेवायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून कळलं होतं. त्या समारंभासाठीही तिनेच शिवला होता शर्ट. निळा. आई जाऊन देऊन आली होती त्याला. बाबांना न सांगता.

ती उठून पडद्याजवळ गेली. जवळ गेली तसं कोपर विरघळलं; नुसते रंगाचे चौकोन राहिले, जांभळट, हिरवट, मुंग्यांसारखे वळवळणारे. एवढा मोठा टीव्ही, आणि नाक लावून बघितलं तर काही नाही. ती एकेक पाऊल मागे सरकत आली. खुर्चीला पाय लागला तेव्हा कोपर पुन्हा जमून आलं.

बाही निळी आहे? निळी म्हणावी तर निळी. पण या टेपमध्ये आता बाबांचा तपकिरी कोटही जांभळट दिसतो. आणि कोपर धरून काय एक दादाच उभा राहतो? कंटाळलेला कुणीही असा उभा राहील. पाणी देणारा माणूस असेल. ड्रायव्हर असेल साहेबांचा. मनगट कुठे संपतं ते दिसलं असतं तर बाही आखूड आहे की नाही ते एका नजरेत… पण मनगट काळ्या पट्टीत होतं. तिथे काही नव्हतंच. कॅमेऱ्यानेच तेवढं घेतलं नव्हतं. त्याच्यापलीकडे कितीही नवा टीव्ही आणला तरी —

ड्रायव्हरच असेल, तिने मनाशी म्हटलं. आणि म्हटल्यावर तिला कळलं की ते ती अंदाज म्हणून म्हणत नव्हती. ती मागत होती. ड्रायव्हर असू दे. कुणीही असू दे. दादा नको. कारण तो नसला तर सगळं जिथल्या तिथे राहत होतं — मोडलेली झडप, बाबांचा शांत आवाज, तिची हललेली मान, आणि 'देते'. आपला सख्खा भाऊ खोटं बोललेला असावा अशी आपली इच्छा आहे… हे तिने स्वतःच्या आत पाहिलं, लख्ख, आणि तिथून मागे सरकायला जागा नव्हती.

"का गं थांबवलंस?" आईने विचारलं. "ह्यांचा आवाज गेला."

"थांब हं जरा." मग तिने विचारलं, सहज विचारल्यासारखं, "आई, त्या दिवशी दादा आला होता का गं?"

"कुठल्या दिवशी?"

"ह्याच. बाबांच्या निवृत्तीच्या."

"आला होता की," आई म्हणाली. "दाराशी उभा होता. निळा शर्ट घालून."

तिने हातातला रिमोट खुर्चीत ठेवून दिला.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

आईने बऱ्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. "मला कुणी विचारलं? सगळे टीव्हीला विचारत बसला होतात."

आई तेव्हा व्यासपीठावर बाबांच्या शेजारी बसलेली होती, दाराकडे तोंड करून, हे खरं. भाषणाच्या मधेच ती एकदा हसते, हेही खरं; सगळ्यांना वाटायचं बाबांच्या विनोदाला. पण हीच आई काल विचारत होती, बाबा रात्रपाळीहून परतले का. परवा तिने जावयाला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा कप मांडला. आणि शर्ट निळा होता हे तर तिला ठाऊकच, तीच नेऊन देणारी. म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय कशावर चढलेलं असतं, कुणी सांगावं? तिची झडप थोडीच कुणी मोडून ठेवली होती.

"डावी बाही छान बसली होती," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लाव ना गं. ह्यांना बोलू दे."

तिने रिमोट शोधला, पण त्याआधीच यंत्राने स्वतःहून सोडून दिलं. फार वेळ धरून ठेवणं त्याला जमत नसावं. एक खटका झाला, कोपर कडेवरून निघून गेलं, सभागृह परत आलं आणि बाबा बोलू लागले. आवाज मात्र जसाच्या तसा होता. म्हातारा नाही, पुसट नाही. "…आणि मंडळी, वीज ही दिसत नाही म्हणून ती नाही असं समजून तारेला हात लावू नये…" सभागृह हसलं. आई हसली, टेपमध्येही आणि खुर्चीतही. टेपमधली आई हसताना बाबांकडे बघत होती की त्यांच्या पलीकडे, ते सांगता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके होते.

खाली कड थरथरत होती. इतकी वर्षं ती तिथेच होती, लाकडामागे.

आज रविवार. स्वयंपाकघरातल्या घड्याळात सहा वाजून गेले होते. म्हणजे खरे सहा अजून वाजायचे होते. एरवी फोन वाजला की ती हातातलं काम आटपून, हात पुसून, सावकाश जाते. आज ती जाऊन फोनशेजारच्या स्टुलावर बसली. कोपर दादाचं की ड्रायव्हरचं, याचा निकाल तिला लागत नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे तो लागायला हवा असंही आता तितकंसं वाटत नव्हतं. काय बोलायचं हे ठरलेलं नव्हतं. फक्त जो एक शब्द दर रविवारी आपोआप ओठांवर यायचा, तो ती आतल्या आत म्हणून बघत होती, आणि तो येत नव्हता.