आतल्या खोलीतलं कण्हणं

दिवसकार्य उरकलं. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला बांबू सोडून टेम्पोत घालून घेऊन गेला, आणि घर मोकळं झालं तसा महिपतला तो आवाज ऐकू आला.

तोंड मिटून कुणी कण्हावं तसा. ऊंऽऽ. चढ नाही, उतार नाही, मध्ये श्वासाला थांबणं नाही. महिपत चहाची कपबशी हातात घेऊन चुलीपाशी बसला होता. त्याने कपबशी खाली ठेवली आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

त्याची बायको रंभा त्याच खोलीत गेली. अंगावरून वारं गेलं आणि एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून ती तिथेच पडून होती. शेवटी शेवटी बोलणंही गेलं. दुखलं की ओठ मिटून कण्हायची, एवढंच. ते कण्हणं आणि हा आवाज यांत महिपतला काडीचा फरक दिसेना.

तो उठून शेजारी भावाच्या घरी गेला. भाऊ केव्हाच वारलेला, वहिनी गोजरबाई अंगणात वाल निवडत बसल्या होत्या.

"वयनी, जरा येता का? काय ऐकू येतं का बगा."

गोजरबाई आल्या, चुलीपाशी उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर कानामागे सारला. त्यांचं तोंड बघून महिपतला उत्तर कळलं.

"येतं गो बाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मग हळूच, "भावजी, ही तर रंभाच."

आपलं डोकं फिरलेलं नाही हे कळून महिपतला बरं वाटलं. पण तेवढ्यापुरतंच. कारण मग आवाज खरा होता, आणि खरा असेल तर रंभाला अजून दुखत होतं.

महिपत तसा भुताखेताला मानणारा माणूस नव्हता. त्याने आवाज शोधायला घेतला. भाताच्या कणगीचं झाकण काढून आत कान घातला. आढ्याला गांधीलमाशांनी घर केलंय का ते शिडी लावून बघितलं. हंडे-कळश्या एकेक उचलून बाहेर अंगणात मांडल्या, तर येणारे-जाणारे विचारू लागले, "महिपतदादा, भांडी विकाय काढली का?" पलीकडच्या वाडीत मुंबईवाल्याचा बंगला होता, त्याची विहिरीवरची मोटर चालू आहे का म्हणून तो तिथवर जाऊन आला. मोटर बंद होती. राखणदार म्हणाला, मालक दिवाळीपासून आलाच नाय.

सगळं घर त्याने पालथं घातलं, एक खोली सोडून. आतल्या खोलीच्या दारापर्यंत तो जायचा, आत डोकावायचा. पलंग काढून ठेवलेला, भिंतीशी पेटी, बाकी भुई रिकामी. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं म्हणून मागे फिरायचा. आत पाऊल टाकवत नव्हतं.

मग त्याला वाटलं, विजेचं काही असेल. फ्रिजची पिन काढली. आवाज तसाच. टीव्हीची काढली. तसाच. शेवटी तो पडवीत गेला आणि मेन स्विचच खाली ओढला.

आणि आवाज वाढला.

आतापर्यंत तो आतल्या खोलीकडून यायचा. आता पडवीतही येऊ लागला, अगदी त्याच्या पायापाशी, घशातून घरघरल्यासारखा. त्याने घाईघाईने स्विच वर केला, तेव्हा पडवीतला आवाज थांबला. आतला चालूच राहिला.

हे त्याने गोजरबाईंना सांगायला नको होतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"उंबरा ओलांडून पडवीत आली म्हंजे! उद्या अंगणात येल, परवा माझ्या दारात. भावजी, आता ऐका माझं. लखमा भगताला बोलवू."

"भगत काय करनार?"

"बांधून देल घर. बाहेर काढून उंबऱ्याला खिळे मारले की परत आत येत नाय कोनी. मग तिला पन कळंल, आता आपलं इथं काय नाय. सुटंल बिचारी."

महिपत उठला. विळा घेऊन वालाच्या शेतात गेला आणि नुसताच बांधावर बसून राहिला. रंभाला वर्षभर स्वतःच्या पायाने उंबऱ्याबाहेर जाता आलं नव्हतं. डॉक्टरकडे न्यायची तरी खुर्चीत बसवून चौघांनी उचलायची. जिवंतपणी जिला बाहेर पडता आलं नाही, तिला मेल्यावर आत येऊ द्यायचं नाही, आणि ते खिळे मारायला आपणच हो म्हणायचं. पण तिला दुखत असेल तर? खिळ्याने सुटणार असेल तर? ती कण्हत असायची तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. पाय चेपायचा, कूस बदलायची, बस. आता कुणी उपाय सांगतंय आणि आपण नको म्हणतोय, हेही त्याला खात होतं.

दोनचार दिवस आणखी ते ऐकल्यावर तो वहिनींना म्हणाला, "बोलवा."

लखमा भगत बैलांची जत्रा भरते त्या म्हसा गावाच्या अलीकडच्या ठाकूरवाडीत राहायचा. गोजरबाईंनी फोन लावला तर पलीकडून पिपाण्या आणि पाळण्याच्या भोंग्याचा आवाज.

"आता नाय जमनार," भगत ओरडून म्हणाला. "जत्रा चालू हाय. माझा बैल इकायचा हाय. जत्रा आटपली की येतो. तवर घर रिकामं करून सारवून ठेवा. एक वस्तू आत ठेवू नका. खिळे मी आनतो."

जत्रा उठली. भगत येणार त्या दिवशी सकाळच्या एसटीने महिपतची मुलगी अक्षदा आली. तिला शहापूरजवळ सापगावला दिलेली. काकीने फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती सुरू झाली.

"बाबा, आईला घराबाहेर ठेवनार तुमी?"

"बाहेर नाय गो. सुटंल ती."

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते," गोजरबाई शेणाचं घमेलं घेऊन आल्या. "तू सापगावात राहतेस. इथं आमी ऐकतो. आधी कान दे, मग तोंड चालव."

अक्षदाने कान दिला. तिचा चेहरा उतरला. ती पदर खोचून कामाला लागली.

आतल्या खोलीत तशा थोड्याच वस्तू होत्या. कोपऱ्यातली चटई, भिंतीवरचं कॅलेंडर, आणि मागच्या भिंतीला टेकून ठेवलेली रंभाच्या लग्नातली पत्र्याची मोठी पेटी. महिपत दारात उभा होता. अक्षदा म्हणाली, "बाबा, तुमी नका येऊ. आमी दोघी उचलतो."

एका कडीला अक्षदा, दुसरीला गोजरबाई. "उचल गो," म्हणून दोघींनी पेटी उचलली.

कण्हणं थांबलं.

दोघी जागच्या जागी थिजल्या. गोजरबाईंची पकड सैल पडली, पेटीची त्यांची बाजू खाली आली आणि भिंतीला टेकली. ऊंऽऽ.

"पेटीत हाय!" गोजरबाई ओरडल्या. "तिच्या साड्यांत हाय!"

"काकी, सोडू नका. परत उचला."

"मी नाय हात लावायची."

"उचला म्हनते ना!"

उचलली. थांबलं. टेकवली. ऊंऽऽ. उचलली. आता अक्षदाने मान वाकवून नीट ऐकलं. आवाज पुरता थांबला नव्हता. भिंतीच्या बाजूने अगदी बारीक गुणगुण येत होती, डबीत माशी अडकल्यासारखी.

"बाबा, इकडं या. पेटी धरा."

महिपत आत गेला. इतके दिवस उंबऱ्याशी अडलेला पाय केव्हा आत पडला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने पेटी धरून बाजूला ओढली. मागे भिंतीला लागून, भुईवर, पांढरा प्लास्टिकचा डबा पडला होता. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. डब्याला दोन नळ्या होत्या, त्यांची तोंडं मोकळी. वायर वरच्या बोर्डाला गेलेली.

तिघेही त्या डब्याकडे बघत राहिले.

"ही तर गादीची मोटर," अक्षदा म्हणाली.

रंभाला पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाने, अक्षयने, हवेची गादी आणली होती. ही मोटर त्या गादीत हवा भरायची, कधी या बाजूला, कधी त्या. पलंगाच्या पायथ्याशी, मागे गोधडी घालून टांगलेली असायची, तेव्हा तिचा आवाज जाणवायचाही नाही. दिवसकार्याच्या आधी बायकांनी खोली आवरली, नळ्या उपसून गादी काढली, आणि डबा पेटीमागे सारला. डबा पत्र्याला टेकला आणि सगळी पेटी त्याच्याबरोबर घुमू लागली.

"कोनी सारला हा डबा?" अक्षदाने विचारलं.

गोजरबाई शेणाच्या घमेल्याकडे बघू लागल्या.

"काकी?"

"मग काय करनार? टांगायला पलंग राहिला नव्हता."

"बटन तरी बंद करायचं!"

"मी बंद करनार?" गोजरबाई एकदम तापल्या. "तुझ्या भावानं आमाला दम भरला होता, त्या बटनाला कोनी हात लावायचा नाय, गादी बसली तर आईच्या पाठीची साल जाईल. वर पट्टी चिकटवून ठेवली त्यानं. बघ, अजून हाय. वरीसभर नाय लावला हात. कोनी सांगितलं मला, आता लाव म्हनून?"

बोर्डावर खरंच काळी चिकटपट्टी होती, बटणावर आडवी.

महिपत मात्र अजून गोंधळात होता. "पन मी मेन बंद केला होता. तेवा वाढला आवाज. पडवीत आला."

अक्षदा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं, ओठांवर हात ठेवला तरी आवरेना. "बाबा, इन्व्हर्टर! अक्षयनं बसवला नाय का, लाइट गेली तरी आईची गादी चालू राहावी म्हनून? पडवीत ठेवलाय, पोत्याखाली. तुमी मेन बंद केलात की तो सुरू होतो. तोच घरघरला तुमच्या पायाशी."

"म्हंजे उंबरा ओलांडून आला तो..." गोजरबाईंनी विचारलं.

"इन्व्हर्टर!"

गोजरबाई मटकन खाली बसल्या. आधी त्यांनी "अगो बाय माझे" म्हटलं, मग त्याही हसू लागल्या, हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या, आणि मग डोळेच पुसत राहिल्या.

महिपत हसला नाही. तो मोटरीपाशी उकिडवा बसला, एक नळी उचलून तळहातावर धरली. बारीक हवा लागत होती. थोडी थांबायची, मग दुसऱ्या नळीतून यायची. पाठीखाली हीच हवा घेऊन रंभा झोपायची. हिच्यामुळे शेवटपर्यंत तिच्या पाठीला जखम झाली नव्हती. तालुक्याच्या नर्सबाईंनीही ते बघून म्हटलं होतं, चांगली ठेवलीत हो बाईंना.

"दुखत नाय तिला," तो म्हणाला.

"नाय बाबा," अक्षदा म्हणाली.

"काय दुखत नाय."

"नाय."

त्याने नखाने पट्टीचं टोक सोडवलं, पट्टी उपटली आणि बटण बंद केलं. घरात एवढी शांतता झाली की अंगणात कोंबडी माती उकरताना ऐकू आली.

भगत दुपारी पोहोचला. खांद्याला पिशवी, पायात जत्रेतून आणलेल्या नव्या चपला. गोजरबाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि जरा आडून आडून सगळी हकिकत सांगितली. त्याने ती गंभीरपणे ऐकून घेतली.

"म्हंजे मी गावात शिरलो न तोच आवाज पळाला," तो म्हणाला. "गुन आला म्हनायचा."

"तुमी यायच्या आधीच पळाला," अक्षदा आतून म्हणाली.

"मी एसटीत बसलो तेव्हाच मनात धरलं होतं, पोरी."

वालाची आमटी आणि भात त्याला वाढला. तो पोटभर जेवला, जत्रेत बैल कसा चांगल्या भावाने गेला ते सांगितलं, हात धुतला आणि पिशवी पुढे ओढली.

"आता आलोच हाय तर खिळे मारून जातो. घराला चांगलंच असतं."

गोजरबाईंनी महिपतकडे बघितलं. महिपत दाराच्या चौकटीला टेकून बसला होता.

"नको," तो म्हणाला.

"अरे, फुकट नाय जात खिळा. उद्या खरंच कोनी आलं तर?"

"आली तर येऊ दे. तिचंच घर हाय."

भगताने एकदा त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पिशवीचं तोंड बांधलं. "ते पन खरं," म्हणाला. मग तंबाखू मळत अक्षदाला विचारू लागला की सापगावला जाणारी गाडी किती वाजता असते, त्याचा साडू तिकडेच राहतो.

त्यांचं बोलणं चालू होतं तेवढ्यात महिपत उठून आत गेला. आतली खोली अजून तशीच रिकामी होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा भुईवर आला होता. जिथे पलंग असायचा तिथे तो जरा टेकतो म्हणून बसला, मग हाताची उशी करून आडवा झाला. कान दिला. काही नव्हतं. किती दिवसांनी काही नव्हतं.

गोजरबाई शेणाचं घमेलं आणि पाण्याची कळशी घेऊन आल्या तेव्हा तो घोरत होता, तोंड उघडं टाकून.

"बाबांना उठवू का, काकी?" अक्षदाने दारातून विचारलं.

"खबरदार उठवलंस तर," गोजरबाई कुजबुजल्या. त्यांनी पदर खोचला, पाणी हाताने शिंपडलं, त्याच्या अंगावर थेंब उडू नये म्हणून जरा लांबूनच, आणि कोपऱ्यापासून सारवायला घेतलं. महिपतपाशी आल्यावर त्या थांबल्या. मग त्याच्या भोवतीने, डोक्याकडून पायाकडे, हात फिरवत त्यांनी सगळी खोली सारवली, आणि तो निजला होता तेवढी जागा कोरडी सोडली.