दुसरी नळी भरलेली आहे

मी दोन नळ्यांची ठासणीची बंदूक बोलतेय. एका दमात दोन अस्वलं लोळवणारी! आता खोटं कशाला बोलू, अस्वल मी चित्रातच पाहिलंय. माझ्या हातून मेला तो एक माणूसच.

जन्म अमेरिकेतला, पेनसिल्व्हेनियातला. कारागिराचा आजा मात्र इथला, जर्मनीतल्या न्युरेम्बर्गकडचा. लोखंडाची पट्टी सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून त्यानं माझी एकेक नळी घडवली. आतल्या पीळदार खाचा हातानं कोरल्या. नळ्या एकीवर एक, आसावर फिरणाऱ्या. वरची उडाली की फिरवायचं, खालची वर. दोघींना आपापला कान, म्हणजे बत्ती द्यायचं बारीक भोक. शाळा मी पाहिली नाही, पण दोनापर्यंत मोजायला त्यानंच शिकवलं.

पहिल्या धन्यानं धुक्यात हरीण समजून सख्ख्या भावावर बार काढला. मग नळी फिरवून दुसरी स्वतःच्या हनुवटीखाली धरली. किती वेळ, ते मलाच ठाऊक. चाप ओढला नाही. मला खुंटीला टांगलं, नि ती नळी पुन्हा कुणी रिकामी केली नाही. तेव्हापासून वारा सुटला की रिकाम्या नळीतून तो भाऊ कण्हतो. मीही मजेत साथ देते. सात घरांतले शूर पुरुष मी अशानं अंगणात पळवलेत!

फिरत फिरत न्युरेम्बर्गच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. इथं राहणाऱ्या निहारनं शोभेला म्हणून घरी आणलं. त्याचे वडील भास्करराव, पुण्याचे निवृत्त टर्नर, तीन महिन्यांसाठी आलेले. खंडेनवमीला त्यांनी मला पाटावर आडवं घातलं, हळदकुंकू वाहिलं. माझं तोंड सोफ्याकडे. सोफ्यावर सून उर्जा, लॅपटॉप मांडीवर.

"उदबत्तीचं घर कुठंय गं?"

"बाबा, मीटिंग चालूय! खोचा कुठंही."

त्यांनी खोचली. भरल्या नळीच्या कानात!

जन्मभर चेष्टा केली, पण तेव्हा माझं लाकूडसुद्धा गार पडलं. राख झडत निखारा कानाकडे उतरत होता. तोंडं दोन, पण ओरडता एकानंही येईना. धूर झाला तशी उर्जानं उठून खिडकी उघडली, पुन्हा तिथंच बसली. वारा आत आला. भाऊ कण्हायला लागला. या खेपेला मी साथ दिली ती जीव तोडून.

"आल्झो... म्हणजे, ही रडतेय का?"

उर्जा जवळ आली, वाकली. उदबत्ती कुठं खोचलीय ते तिनं पाहिलं नि खसकन उपटून तांब्यात बुडवली. मग बाजूला उभी राहून माझाच दारू ठासायचा गज नळ्यांत घालून पाहिला. एकीत तळापर्यंत गेला. दुसरीत चार बोटं बाहेर राहिला.

इतक्या वर्षांत माझं ओझं कुणीतरी मोजलं. बायांनो, बाप्यांनो, आता एवढंच मागणं: ते उतरवा.

"आत काहीतरी आहे, बाबा. पोलिसांना फोन करते."

"अगं, दोनशे वर्षांची म्हातारी ही! कुणाचं काय वाकडं करणार? घाबरट कुठली!"

उर्जानं सोफ्याकडे बोट केलं.

"मग माझ्या जागी तुम्ही बसा, बाबा. मी पुन्हा उदबत्ती लावते."