एक टोला थांब, दोन टोले चल

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळेतली नव्हे आणि सायकलचीही नव्हे. गोल नाकाच्या एका हिरव्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर मी बसवलेली आहे. माझी दोरी छताच्या कड्यांमधून थेट मागच्या दारापर्यंत जाते. कंडक्टरने ती एकदा ओढली की ‘थांब’, दोनदा ओढली की ‘चल’. मला एवढे दोनच शब्द येतात, पण ते सांगण्यात माझी कधी चूक झालेली नाही.

आमची कंपनी लहानशी, डोंगराच्या पायथ्याची. चार नव्या बस आणि दोन म्हाताऱ्या. नव्यांची दारे फुस्स करून उघडतात आणि उतरायचे असेल तर प्रवासीच बटण दाबतात. शाळा, बाजार, दवाखाना ही रोजची धावपळ त्यांची. आम्ही म्हाताऱ्या फक्त रविवारी निघतो आणि धरणापर्यंत जाऊन येतो. लोक हौसेने बसतात, खिडकीची काच वर करताना बोटे चिमटून घेतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. एखादी नवी बस रुसली, की मात्र लगेच आमच्या नावाने हाका सुरू होतात, हेही सांगून ठेवते.

कंपनीचे मालक अप्पा. हिरवी बस तेच चालवायचे आणि मागच्या दाराशी कंडक्टर म्हणून त्यांची बायको, सगळ्यांच्या काकू. नवराबायकोचे भांडण झाले तर दिवसभर अबोला असे, पण माझे टोले चालूच. अप्पा प्रवाशांना म्हणायचे, “घरी काय नि गाडीत काय, ही एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं!” सगळी बस हसायची. काकू तोंड फुगवून तिकिटे फाडायच्या आणि हळूच हसायच्या. त्या दोघांच्या मधे मी तीस वर्षे वाजले. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

मग एका रविवारी जुन्या पुलापाशी मास्तरीणबाईंना उतरायचे होते. गुडघ्यांनी दगा दिलेल्या या निवृत्त शिक्षिका दर आठवड्याला पुलापलीकडे बहिणीकडे जातात. काकूंनी दोरी ओढली. मी वाजले. बस मात्र थांबली नाही. काकू धावत पुढे येईपर्यंत पूल बराच मागे पडला होता.

“घंटा वाजलीच नाही,” अप्पा म्हणाले.

वाजलीच नाही? मित्रांनो, मला इतके लागले! पण घंटेचे ऐकतो कोण? अप्पांची थोरली मुलगी गाड्यांची दुरुस्ती बघते आणि नवी बसही चालवते. तिने मला खाली उतरवले, लिंबाने घासले, स्प्रिंग बदलली, हातोडी घट्ट केली. परत वर चढले ती अशी, की पहिल्याच टोल्याला पुढच्या बाकावरचे सगळे दचकले. अप्पा मात्र समोर बघत शांतपणे गाडी चालवत राहिले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

काकूंच्या ते आधीच लक्षात आले असावे. ‘चहा ठेवू का’ विचारले तर ‘हो, कालच बदलला टायर’ असे उत्तर मिळत होते म्हणे. पण गाडी हा अप्पांचा जीव की प्राण. म्हणून काकू प्रत्येक थांब्याआधी काहीतरी निमित्त काढून पुढे येत आणि त्यांच्या खांद्याला हात लावत. दोघेही त्या गोष्टीकडे कानाडोळा करत होते. खरे तर मीही तेच केले. मला अप्पा हवे होते ना!

दरम्यान अप्पा अजूनही मलाच दोष देत होते, म्हणून थोरलीने ठरवले, की ही घंटा आता दमली, तिला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवू आणि नव्या बससारखे बटण बसवू. ते बसायच्या आधीच्या रविवारी धरणापाशी अप्पा बस मागे घेत होते. मागच्या खिडकीपाशी उभ्या काकूंनी ‘थांब’चा टोला दिला. मग दुसरा, तिसरा, चौथा. मी जीव तोडून वाजत होते. बस मागे जातच राहिली आणि थांब्यावरचे लाकडी बाक कडाडून मोडले. त्या दिवशी बहिणीला घेऊन धरण बघायला आलेल्या मास्तरीणबाई त्या बाकावरून नुकत्याच उठल्या होत्या.

काकू खाली उतरल्या. अप्पांच्या अगदी समोर उभे राहून त्या मोठ्याने म्हणाल्या, “अहो, घंटा ठणठणीत आहे. कान गेलेत तुमचे. आणि मी गप्प राहिले, ही माझी चूक.”

अप्पांनी किल्ली काकूंच्या हातात दिली.

डॉक्टरांनी कानात घालायला यंत्र दिले. त्याने घरातले बोलणे ऐकू येई, पण इंजिनाच्या घरघरीत सगळे बुडून जाई. पुढचे चार रविवार हिरवी बस शेडमध्येच राहिली. अप्पा रोज यायचे, पुसलेली काच पुन्हा पुसायचे आणि स्टिअरिंगला हात न लावता परत जायचे. त्यांच्याकडे बघवत नसे.

पाचव्या रविवारी थोरली ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसली. “अप्पा, तुम्ही मागे उभे राहा. आईला जरा बसू दे आज खिडकीशी.”

“मी? अगं, मला घंटा ऐकू येत नाही.”

“तुम्हाला कशाला ऐकू यायला हवी? ऐकायचं मी. तुम्ही फक्त ओढायची.”

अप्पा मागच्या दाराशी गेले. त्यांनी दोरी बिचकतच हातात घेतली आणि एकदा ओढली. मी वाजले. आणि मित्रांनो, टोल्यानंतर माझी स्प्रिंग मागे येते ना, तो हिसका दोरीतून कड्याकड्याने सरकत त्यांच्या तळहातापर्यंत पोचला. अप्पांनी हाताकडे बघितले. मग खिडकीशी बसलेल्या काकूंकडे.

“वाजली!” ते म्हणाले. “अगं, वाजली!”

तेव्हापासून अप्पाच मला वाजवतात आणि मी अजून माझ्या जागेवर आहे. तुमच्या घरातही कुणाला हल्ली हाका ऐकू येत नसतील. त्यांच्यावर आवाज चढवू नका आणि नुसते हसून सोडूनही देऊ नका. जवळ जा, हात हातात घ्या, मग सांगा. आणि माझ्यासाठी म्हणाल तर एवढेच करा: मला कोरड्या फडक्याने पुसा, आणि माझी दोरी ढिली पडू देऊ नका. तिच्या दुसऱ्या टोकाला अप्पांचा हात आहे.