सरावाचा रुग्ण

हेक्टर मिल्नने उभं आयुष्य स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर त्याला काम मिळालं ते रुग्ण होण्याचं. डॉक्टर-नर्सना लोकांची सिगरेट कशी सोडवायची हे शिकवायचे वर्ग शीना लॉरी घेत असे. तिला सरावासाठी एक हटवादी ओढणारा हवा होता. हेक्टरला वेगळं सोंग आणावं लागत नसे. मधल्या सुट्टीत तो फाटकाबाहेर जाऊन खरोखरीच ओढून येई.

डॉक्टर मंडळी त्याला आकडे सांगत, काळ्या फुप्फुसांची चित्रं दाखवत. हेक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणे, "माझा आजा नव्वदीपर्यंत पाइप ओढत होता, डॉक्टर. शेवटी बसखाली येऊन गेला. माझ्या बसखाली नव्हे." वर्गात हशा पिकायचा आणि समोरच्याचं बोलणं तिथेच खुंटायचं.

फेब्रुवारीतल्या वर्गात कत्रिओना नावाची नवी नर्स त्याच्यासमोर बसली. काय विचारायचं ते घाबरून विसरली असावी. तिने एवढंच विचारलं, "सगळ्यात जास्त कधी ओढावीशी वाटते तुम्हाला?"

"संध्याकाळी. जेवण झालं की मागच्या दाराच्या पायरीवर."

"एकटेच बसता?"

"नाही. नेटा असते." हेक्टर थांबला. "असायची. बायको माझी."

हे पढवलेलं नव्हतं. शीनाने मान वर करून पाहिलं.

"तीही ओढायची, पण घरात वास नको म्हणायची. म्हणून पायरी. आमचं काय ते बोलणं तिथेच व्हायचं. घरात टीव्ही बोलायचा. मग तिची फुप्फुसं गेली, ऑक्सिजनची नळी लागली. मी बाहेर ओढायचो, ती काचेआडून बघायची. एकदा म्हणाली, हेक्टर, नळी काढते, एक झुरका दे. मी दिला."

कत्रिओनाने पुढ्यातलं माहितीपत्रक त्याच्याकडे सरकवलं नाही.

"सोडावीशी वाटते?" तिने हळूच विचारलं.

"सोडली तर त्या पायरीवर बसायचं कशाला, पोरी?"

शीनाने वर्ग थांबवला.

"हेक्टर, घरी जाताय का?"

"दुपारी अजून लोक आहेत ना? बसतो की."

बसला. आजोबाचा विनोदही केला. पण पुढच्याच आठवड्यात तो आपण होऊन कत्रिओनाच्या दवाखान्यात गेला. तिने दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या, चघळायचा गम दिला. नेटाच्या वाढदिवसाला त्याने पुन्हा ओढली, नंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा ती रागावली नाही. "पुन्हा सुरू करू," एवढंच म्हणाली. उन्हाळा लागेतो सिगरेट सुटली.

शीनाला आनंद झाला, पण वर्गाची पंचाईत झाली. हेक्टरला आता हट्ट जमेना. एका तरुण डॉक्टरने दुसऱ्याच वाक्याला त्याचं मन वळवलं.

"तुम्ही फार लवकर ऐकता हो," शीना म्हणाली.

"खरं बोलतोय तो. भांडू कसा?"

तिने दुसरा माणूस शोधला. हेक्टरला वाईट वाटलं.

पुढे संध्याकाळी तो पुढच्या खोलीतच बसू लागला. मागच्या दाराला त्याने कडी घातली. खोकला पुष्कळ कमी झाला होता, त्यामुळे घर अधिकच शांत वाटे.

हिवाळ्याच्या तोंडी एका संध्याकाळी कत्रिओनाचा फोन आला. "कसं चाललंय, मिस्टर मिल्न?"

"झकास. जिना न थांबता चढतो."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळ फार मोठी असते गं," तो म्हणाला. "आधी कळलं नव्हतं."

तिने फोन ठेवला नाही. आज जेवायला काय केलंत, असं विचारलं. तो म्हणाला, खिमा आणि बटाटे, जरासे करपलेच.