माझ्या अंगावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावच्या एका घरात, गराजमध्ये, कणकेच्या पोत्यांशेजारी माझा मुक्काम असतो. वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो तिथे माझ्या अंगावर एक तांबडा डाग आहे. त्या डागाची गोष्ट सगळीकडे छापून आली आहे. ती खोटी आहे. खरी गोष्ट मी सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल असं आता वाटत नाही.

माझा जन्म इथलाच, अमेरिकेतला. पण नशीब उघडलं आयर्लंडमध्ये. लिमरिक गावच्या एका खाटकाच्या मुलाने, इमन क्विल्टीने, मला जुन्या सामानाच्या दुकानातून उचललं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. गुरू नव्हता, तबकड्या सावकाश फिरवून तो ब्लूज हे अमेरिकन संगीत शिकला. मग मला पाठीवर घेऊन न्यू जर्सीला आला. पबमधली माणसं त्याच्याकडे गावाकडची आयरिश गाणी मागत आणि हा हट्टी मनुष्य ब्लूजच वाजवी. एकदा कुणीतरी चिडून ग्लास भिरकावला. तो मी झेलला. माझ्या खालच्या कडेची खोक तेव्हाची आहे. त्याच्या घामाने माझं व्हार्निश उडालं, लाकूड उघडं पडलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कामाला लागलं की अंग झिजायचंच.

पुढे माझा आवाज खरखरू लागला. तिघांनी उघडून पाहिलं, तिघांनी हात टेकले. चौथी शैलजा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तिच्या वडिलांचा लेथचा कारखाना होता, त्यामुळे यंत्रांची भीती तिला ठाऊकच नव्हती. नवऱ्याच्या, केदारच्या नोकरीमुळे ती इथे आली आणि एका वाद्यांच्या दुकानात दुरुस्ती करू लागली. तिने दहा मिनिटांत माझं दुखणं शोधलं. इमनने तिला तिथल्या तिथे आपल्या चमूत घेतलं. पुढची अठरा वर्षं माझ्या तारा तिनेच बदलल्या. काम करताना ती माझ्याशी मराठीत बोलायची, म्हणून तर मी हे तुम्हाला सांगू शकते आहे.

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला तिने मला पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तिची पक्कड, तिचा स्क्रूड्रायव्हर मात्र पेटीतच राहिले. माझ्यापुढे तिला त्यांची आठवणच झाली नाही, ना त्या वर्षी, ना पुढे कधी. खरं सांगते, मला तेव्हा भारी वाटलं होतं.

त्या संध्याकाळी कार्यक्रम होता. "आज हिला वाजवायचं नाही," शैलजाने इमनला सांगितलं. "आमच्याकडे आजच्या दिवशी हत्यारं विश्रांती घेतात."

इमन हसला, पण दुसरी गिटार घेऊन गेला. दसऱ्याला त्याने मला हातात घेतलं, तेव्हा दिव्यांच्या उष्णतेने त्याला घाम फुटला आणि ते कुंकू उघड्या लाकडात मुरलं. शैलजा घाबरून बोळ्याने पुसायला लागली. इमनने तिचा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "आता ही तुझीपण झाली."

ते वाक्य मी जिवापाड जपलं.

मग रेकॉर्ड निघाल्या, मोठमोठे हॉल भरू लागले. साठीला आल्यावर इमनचा खांदा दुखू लागला आणि एका कंपनीने माझ्या वजनाने हलक्या नकला बनवायला घेतल्या. माझी खोक, माझे ओरखडे मोजून मापून त्यांच्या अंगावर उमटवले. तांबडा डागसुद्धा रंगाने काढला. आयत्या बिळावर नागोबा! त्या नकला बाजारात आणण्याच्या समारंभात तुझं नाव घेणार, असं इमनने शैलजाला कबूल केलं होतं. तिने इरकल नेसलं. तिच्या लेकीने, केयाने, फोनवर कोल्हापूरच्या आजोबांना जोडून दिलं. तिथे पहाट होती, तरी म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

मला बाजूला स्टँडवर ठेवलं होतं. इमनने नक्कल उचलली आणि डागावर बोट ठेवलं.

"हे माझं रक्त आहे," तो लोकांना म्हणाला. "लिमरिकमध्ये बोटं फाटेपर्यंत वाजवलं होतं, तेव्हाचं."

सभागृह उठून उभं राहिलं. शैलजाचं नाव आलंच नाही.

"आई, दॅट्स अ लाय!" विंगेत केया म्हणाली. "ते कुंकू आहे. गो टेल देम!"

"शो चालू आहे, केया," शैलजा म्हणाली. मग फोनकडे वळली. "बाबा, मी नंतर कॉल करते." आणि ती इमनच्या गिटारीची सैल झालेली वायर धरून बसली, त्याचा आवाज जाऊ नये म्हणून.

कार्यक्रम संपल्यावर तिने त्याला सरळ विचारलं. "इमन, ते कुंकू आहे. तुला माहीत आहे."

त्याने मान वर केली नाही. "रक्त लोकांना लगेच कळतं, शैला. कुंकू कुठे समजावत बसू?"

गरज सरो, वैद्य मरो. मित्रांनो, मला इतका संताप आला होता! पण गिटारीला स्वतःचं तोंड नसतं. माझ्याच अंगावरच्या डागाबद्दल खोटं बोललं गेलं आणि मी गप्प उभी होते. आता इमन नक्कल घेऊन दौरे करतो, तारा दुसराच कुणी बदलतो. मला त्याने "ठेव तुझ्याकडे" म्हणून इथे, शैलजाच्या गराजमध्ये सोडलं.

यंदा खंडेनवमीला शैलजाने पाट मांडला. मी वाट पाहत होते. तिने पेटी उघडली. पक्कड, कटर, सोल्डरिंग गन, आणि वडिलांनी दिलेला स्क्रूड्रायव्हर, मूठ अंगठ्याने झिजलेली. सगळे ओळीने ठेवले आणि एकेकाला हळदीकुंकू लावलं.

"अँड द गिटार?" केयाने विचारलं.

शैलजाने माझ्याकडे पाहिलं. "तिची पुष्कळ झाली पूजा. यांना अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

मला लागलं. पण ती चुकली, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, गाणं आवडलं तर वाजवणाऱ्याला टाळ्या जरूर द्या. मात्र तारा कुणी लावल्या, तेही विचारत जा.

तेवढ्यात शेजारची रेणू बिघडलेला मिक्सर घेऊन गराजच्या दारात आली. "शैलजा, पाच मिनिटांत बघतेस का गं, प्लीज?"

"उद्या आण," शैलजा म्हणाली. "आज माझी हत्यारं विश्रांती घेतायत."