पावलांतलं गवत

पेरणी झाली की तीन दिवसांच्या आत पहिलं तणनाशक मारायचं आणि मारताना उलटं चालायचं. औषधाचा पातळ थर ओल्या मातीवर बसतो. त्यावर पाय पडला की थर मोडतो आणि नेमकं तिथंच गवत उगवतं. हे मला दादाने शिव्या घालून शिकवलं. दादा जाऊन सात महिने झाले होते. शिव्या घालायला कोणी नाही म्हणून यंदा मी दुप्पट जपून फवारलं.

पंधराव्या दिवशी गव्हाच्या ओळींमध्ये पावलं उगवली. हिरवी, दाट, टाच आणि बोटं ओळखू यावीत अशी. लांबच्या बांधावरून घराच्या रोखाने निघालेली आणि अर्ध्या शेतात थांबलेली. डावं पाऊल बाहेर वळलेलं. असा एकच माणूस चालायचा. माझी पाचावर धारण बसली.

वहिनीचा चेहरा मात्र उजळला. रोज सकाळी ती शेवटच्या पावलासमोर उभी राहून घरातलं सगळं सांगायची. गळक्या नळाबद्दलसुद्धा.

"वहिनी, दुसरी फवारणी आत्ताच करायला हवी," मी म्हणालो. "चार पानांच्या पुढे गेलं की हे गवत मरत नाही. बी झडलं तर पुढच्या वर्षी गहू शोधावा लागेल."

"ते येतायत, भाऊजी. आठ दिवस थांबा ना."

"दादा गेलाय! आणि हे तण आहे, तण!"

खरं तर मला भीती वाटत होती. आमच्या घरात भीती वाटली की पुरुष ओरडतात.

तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "पंप इकडे द्या. मारायचंच असेल तर मी मारते."

तिने एकेक पाऊल भिजवलं. शेवटच्या पावलापाशी ती थांबली, काहीतरी पुटपुटली आणि तेही भिजवलं.

दहा-बारा दिवसांत सगळी पावलं पिवळी पडून वाळली. मला हायसं वाटलं, तोच वहिनीने शेतातून हाक मारली. शेवटच्या वाळक्या पावलाशेजारून नवी हिरवी पावलं फुटली होती. टाचा घराकडे, बोटं बांधाकडे. दोन पावलांतलं अंतर वाढलेलं, तरातरा निघून गेलेल्या माणसाचं असतं तसं.

"अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं मी त्यांना," ती म्हणाली.

"थर मोडला असेल कुठेतरी," मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं नाही.

दादा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. आता त्या पावलांच्या कडेकडेने ती बांधापर्यंत गेली आणि तिथे बसून मोठमोठ्याने रडली. मी समजूत घालायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार? हट्ट माझा होता.