पेन्सिलीची फुली

"पट्टा काढ, एल्डन."

"काढला तर विजार खाली येईल."

"मग धरून चाल. मागच्या वेळी जमलं होतं की तुला."

कोर्टाच्या दारातला पहारेकरी ड्वाइट हा एल्डनचा मातीच्या नळांच्या कारखान्यातला जुना सोबती. कारखाना बंद पडल्यावर त्याला ही खुर्ची आणि बिल्ला मिळाला होता, आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या विजारी खाली आणणं हे तो मोठं काम समजत असे. एल्डन प्रुइट एका हाताने विजार आणि दुसऱ्या हाताने टोपी धरून त्या वाजणाऱ्या कमानीतून पलीकडे गेला. वय एक्क्याऐंशी. त्यातली चाळीस वर्षं भट्टीवर, आणि तीही बहुतेक रात्रपाळीची.

"तिसरी खेप. नोकरीबिकरी धरलीस की काय इथं?"

"आज मिळायचीय फाइल. न्यायाधीशाची सही झाली."

ड्वाइटची थट्टा तिथेच थांबली. त्याने पट्टा परत दिला आणि एल्डनला तो लावता येईना, तेव्हा स्वतःच लावून दिला.

नोंदींची खोली तळघरात होती. एल्डन कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. बहिणीचा कागद शोधायला तो आधी भलतीकडेच गेला होता. व्हेल्डा मेली ती इस्पितळात, म्हणून तो चाळीस मैल ट्रक हाकत इस्पितळ असलेल्या जिल्ह्याच्या कोर्टात गेला. तिथल्या पोरीने सांगितलं, माणूस मेला कुठे ते नका सांगू, पाठवला कुठून ते सांगा. कागद पाठवणाऱ्या कोर्टात राहतो. म्हणजे इथेच, त्याच्या स्वतःच्या गावात. दर दोन आठवड्यांनी तो ज्या इमारतीवरून केस कापायला जात होता तिच्या पोटात ती फाइल चौसष्ट वर्षं पडून होती.

पण तीही अशी कुणालाही दाखवत नाहीत. वेड्यांच्या इस्पितळात पाठवलेल्यांचे कागद प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काच्या, कोर्टात बंद असतात आणि फक्त सगळ्यात जवळच्या हयात नातेवाइकासाठी उघडतात. पहिल्या खेपेला त्याने स्वतःचा आणि तिचा जन्मदाखला आणला, तिचा मृत्यूचा दाखला आणला. दुसऱ्या खेपेला न्यायाधीशासमोर हात वर करून शपथ घेतली, की व्हेल्डा प्रुइटचं या जगात माझ्याइतकं जवळचं कुणी नाही. शपथ दोनदा म्हणावी लागली. इतकं खरं बोलायची सवय नव्हती.

"या, मिस्टर प्रुइट," कॉनी म्हणाली. नोंदींची कारकून कॉनी बेल्चर पन्नाशीची होती, आवाज मोठा आणि चाल हळू. तिने टेबलावरचा अर्धा सँडविच बाजूला सारला. "काढून ठेवलीय मी. तुम्हीच वाचणार, की..."

"चष्मा घरी राहिला."

तीन खेपा, तीन वेळा घरी राहिलेला चष्मा. तो त्याच्या शर्टाच्या खिशातून कॉनीकडे टकमक बघत होता. कॉनीने तो मागच्या दोन्ही वेळी पाहिला होता आणि दोन्ही वेळी म्हटलं होतं तेच आजही म्हटलं, "असू दे, माझा आहे ना."

एल्डनला सही येत होती. बाटलीवरचे आकडे, रस्त्यावरच्या पाट्या यायच्या. पण कागद आला की त्यावरची अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची. सही त्याला व्हेल्डानेच शिकवली होती, कोठाराच्या दारावर कोळशाने. वर तिचं नाव, खाली त्याचं, रोज. लग्न झाल्यावर कागदांचं सगळं आर्डिथने अंगावर घेतलं. बँक, शाळा, कारखाना, डॉक्टर, सगळं ती वाचायची, ती लिहायची. आणि सही करायची त्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली मारून कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. तो फुलीवर सही करायचा आणि जेवायचा. पंचावन्न वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. तीन वर्षांपूर्वी आर्डिथ गेली तेव्हा दफनाची व्यवस्था बघायला आलेल्या पोराने त्याच्यापुढे कागद ठेवले, आणि एल्डन किती तरी वेळ त्यात फुली शोधत राहिला.

"मला जास्त काही नको," तो खुर्चीत बसत म्हणाला. "इस्पितळाच्या दफनभूमीत दगडावर तिचा फक्त आकडा आहे. अकराशे सत्तेचाळीस. चर्चमधल्या बायका नावाचे दगड बसवतायत. त्यांना कोर्टाची नक्कल हवी, की या आकड्याची ही बाई. तेवढं झालं की मी मरायला मोकळा."

"असं नका बोलू."

"का? डॉक्टर तर पैसे घेऊन बोलतो." तो जरा वेळ टोपीची कड फिरवत राहिला. "बाप म्हणायचा, ती कुणाला ओळखत नाही, जाऊ नका. मग बापही गेला. तिकडून कधी काही आलं नाही. मी तर सगळ्यांना सांगतो, एक चिठ्ठी आली असती ना, एक, तर ट्रक काढून तसाच गेलो असतो."

हे वाक्य तो आयुष्यभर बोलत आला होता. नाताळच्या जेवणात, भट्टीवर, पोरांजवळ. तो हे बोलला की आर्डिथ उठून भांडी घासायला जायची. घासलेली असली तरी.

कॉनीने फाइल उघडली. पातळ होती, हाताच्या बोटाएवढीही नाही.

"एकोणीसशे पंचावन्न, मार्च. तुमच्या वडिलांचा अर्ज. 'मुलगी वय एकवीस. आई वारल्यापासून बोलत नाही. घरात येत नाही. ओढ्यात उभी राहते.' मग दोन डॉक्टरांच्या सह्या. न्यायाधीशाचा हुकूम. सगळं एकाच दिवसाचं."

"दुपारपर्यंत आटपलं होतं," एल्डन म्हणाला. "मला डुकरांना घालायला पाठवलं. परत आलो तर शेरीफची गाडी फाटकाबाहेर पडत होती. तिने चर्चचे बूट घातले होते. तिला काय सांगून नेलं कोण जाणे."

कॉनीने हलकेच पान उलटलं. "हे इस्पितळाच्या नोंदणीचं. अकराशे सत्तेचाळीस, जन्मतारीख, नाव. मिळालं बघा! तुमचं काम झालं."

"झालं?"

"झालं. एवढीच नक्कल लागते." आणि मग, मेलेल्या माणसांचे कागद तिच्या हातून रोज जात असूनही कॉनीला शेवटपर्यंत बघायची खोड होती, म्हणून तिने पुढचं पान उलटलं. "अजून दोन आहेत इथं. एकोणीसशे सहासष्ट, सप्टेंबर. इस्पितळाने कोर्टाला लिहिलंय, कोर्टाने पुढे पाठवलेलं दिसतंय. 'रुग्ण शांत आहे. धुलाईखान्यात काम करते. गेलं वर्षभर बोलते. भावाची चौकशी करते. कुणी नातेवाईक जबाबदारी घेत असेल तर घरी...'"

ती थांबली.

"वाच," एल्डन म्हणाला.

"'...घरी सोडता येईल.' पाठवलंय कुणाला तर... मिस्टर एल्डन प्रुइट. चौथा रस्ता."

"चौथ्या रस्त्यावर आमच्या दोन खोल्या होत्या." त्याचा आवाज अगदी साधा होता. "दुसरं पान?"

"मिस्टर प्रुइट, आपण आधी नक्कल—"

"दुसरं पान दाखव पोरी."

तिने पान त्याच्याकडे फिरवलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही पडली नाही. तिरके, एकमेकांना टेकलेले शब्द. वाणसामानाच्या यादीतले, पोरांच्या डब्यावरच्या चिठ्ठ्यांतले. खाली त्याची स्वतःची सही, कोठाराच्या दारावरची, इंग्रजीतल्या मोठ्या ई ने सुरू होणारी. आणि सहीच्या डाव्या बाजूला, त्रेपन्न वर्षांत जराशी पुसट झालेली, पेन्सिलीची बारीक फुली.

"वाच," तो म्हणाला.

"'साहेब,'" कॉनीने वाचलं, आणि तिचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. "'आमच्या दोन खोल्या आहेत आणि दोन लहान मुलं. मी रात्रपाळीला असतो. बायको रात्री घरात एकटी तिच्याबरोबर राहू शकत नाही. ती तिथेच बरी आहे. मी जबाबदारी घेऊ शकत नाही. कृपा करून पुन्हा लिहू नये. आपला, एल्डन प्रुइट.'"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.

"अक्षर बायकोचं आहे," एल्डन म्हणाला.

"त्या काळी सगळेच असं करायचे," कॉनी म्हणाली. "माझ्या आजीच्या बहिणीला तर... आणि तुमच्या बायकोचं वय काय असेल तेव्हा? चोवीस? दोन पोरं, तुम्ही रात्रीचे बाहेर. भीती वाटली असेल हो तिला."

"वाटली असेल."

"तुम्हाला तिने फसवून..."

"नाही." त्याने मान हलवली. "तिने कागद ताटाशेजारी ठेवला असणार. नेहमीसारखा. मी हे काय आहे म्हणून विचारलं असतं तर ती खोटं बोलली नसती. आर्डिथला खोटं बोलता यायचं नाही. चेहरा लाल व्हायचा तिचा." तो फुलीकडे बघत होता. "मी विचारलंच नाही. मी जेवत होतो."

"व्हेल्डा कधी गेली म्हणालात?"

"अठ्ठ्याहत्तरला."

कॉनीने बोटांवर हिशेब केला. बारा वर्षं. बारा वर्षं एक बाई चादरी धूत भावाची चौकशी करत होती, आणि मग कधीतरी करायची थांबली असेल. की थांबली नसेल. यातलं कुठलं जास्त वाईट ते एल्डनला ठरवता येईना. आणि ज्या आर्डिथवर रागवायचं तिची उशी अजून पलंगावर तिच्या जागी होती.

तो उठला. टोपी घातली.

"अहो, नक्कल! आणि चर्चचा फॉर्म? तो इथंच भरायचा, माझ्या समोर."

"राहू दे."

"दगडाचं काय मग?"

"फॉर्मवर लिहायचं असतं ना, मी तिचा कोण म्हणून? दोन आठवड्यांपूर्वी हात वर करून सांगितलं मी. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मिस्टर प्रुइट." कॉनी टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. तिच्या अंगाने ते दार चांगलंच बंद झालं. "तुम्ही नाही भरला तर दुसरा कुणी भरू शकत नाही. कायदाच आहे तसा. ती अकराशे सत्तेचाळीसच राहील. मग शिक्षा कुणाला झाली? तुम्हाला की तिला?"

तो उभाच राहिला. मग बसला. खुर्चीने पाऊण मिनिटभर करकर केली.

कॉनीने घाईघाईने नक्कल काढली, फॉर्म काढला, त्याच्याकडून माहिती न विचारता फाइलीतूनच पटापट भरला. पाच वाजत आले होते. वर ड्वाइटच्या किल्ल्या वाजू लागल्या. तिने कागद त्याच्यासमोर सरकवला आणि हजार माणसांसाठी हजार वेळा केलं होतं तसं, सवयीने, पेन्सिलीने खाली एक छोटी फुली मारली.

"इथं सही करा."

एल्डनने पेन उचललं. मग खाली ठेवलं.

"खोडरबर आहे?"

"काय?"

"खोडरबर."

तिने दिलं. त्याने फुली खोडली. हळूहळू, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने ताणून धरत. एक राखाडी डाग राहिला. त्याने रबराची भुकटी तळहाताने झाडली आणि खिशातला चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा खिशातच होता. मला वाचता येत नाही, कॉनी. कधीच येत नव्हतं."

"हं," ती म्हणाली. तिने आश्चर्य दाखवलं नाही आणि तो तिचा त्या दिवसातला सगळ्यात मोठा उपकार.

"सगळं वाच. पहिल्या अक्षरापासून. मागच्या बाजूचं बारीकसुद्धा. घाई नको करू."

"कॉनी, दिवे!" जिन्यावरून ड्वाइट ओरडला.

"राहू देत!" ती ओरडली, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. तिने वाचलं. दफनभूमीचं नाव, ओळ, आकडा. दगडाची लांबी-रुंदी. नाव, जन्म, मृत्यू. अर्जदार, सगळ्यात जवळचा हयात नातेवाईक, भाऊ.

"ते परत वाच."

तिने परत वाचलं. मग मागची बाजू, बारीक अक्षरांतली, दगड तडकला तर समितीची जबाबदारी नाही इथपर्यंत. त्याने एकदाही मान हलवली नाही.

"सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

कॉनीने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"तिच्या नावाखाली," ती म्हणाली.

एल्डनने कागद डोळ्यांजवळ धरला आणि मुंग्यांच्या त्या रांगांत, वरून खाली, व्हेल्डाचं नाव शोधू लागला.